ब्रेकबाई

तिला ब्रेकबाई हे नाव तिच्या विद्यार्थ्यांनी ठेवलं होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं. गाडी शिकवणारी माणसं तुम्ही पाहिलीच असतील. शिकणाऱ्याने स्टिअरिंग जरा वाकडं केलं की ही मंडळी अशी खेकसतात, की त्या बिचाऱ्याला डावं-उजवंही आठवेनासं होतं. ब्रेकबाई कधी खेकसली नाही. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर आता कळलं. तर ही बाई शेजारी बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारायची आणि वेळ आली की गुपचूप तो ब्रेक दाबायची. गाडी थांबायची. "बघा, थांबली की नाही? गाडी थांबते. एवढं एकदा कळलं की निम्मी आलीच," असं म्हणायची. नवऱ्याने घाबरवून सोडलेल्या बायका, साठी उलटल्यावर हौस आलेले आजोबा, पहिल्याच दिवशी रडणारा एक धिप्पाड पहिलवान, सगळे तिच्या हाताखालून रस्त्यावर गेले.

हे सगळं पूर्वीचं. आता ती त्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काउंटरमागे बसते. फोन घेते, कोणाची शिकवणी कधी ते ठरवते, आणि संध्याकाळी गाड्या आतून पुसते. गाड्या पुसणं तिच्या कामात नाही बरं का. मालकीणबाईंनी दहादा सांगून पाहिलं की त्याला वेगळा माणूस आहे. पण त्या निमित्ताने शेजारच्या सीटवर बसायला मिळतं. डॅशबोर्डवरून फडकं फिरवता फिरवता तिचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि फडक्याचं काम संपलं तरी तिथून हलत नाही.

आणि सध्या तर तिच्या जिवाला एकच घोर लागला होता. लेक गाडी शिकत होती. याच शाळेत, याच गाडीत. आणि शेजारी दुसरंच कोणी बसत होतं.

"शिकेन, पण आई शेजारी नको." लेक हे वाक्य बापाला म्हणाली होती, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. हळू बोललेलं या घरात सगळ्यात आधी ऐकू जातं. ब्रेकबाई बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एका टॉवेलची घडी तीनदा मोडली आणि तीनदा घातली. आत जाऊन विचारायचं धाडस काही झालं नाही.

तिला आजार आहे. नाव बायपोलर. आता लगेच असं तोंड पाडून बसू नका. तिला पडलेल्या तोंडांचा फार कंटाळा आहे. लोकांना वाटतं सकाळी हसायचं आणि संध्याकाळी रडायचं म्हणजे बायपोलर. डोंबल! आठवडेच्या आठवडे चालतं ते. चढ लागला की झोप नको, जेवण नको, डोक्यात एकामागून एक कल्पना, तोंडाला दम नाही, आणि गावातले सगळे सिग्नल आपल्यासाठीच हिरवे झालेत अशी खात्री. उतार लागला की केसांतून कंगवा फिरवायचा म्हणजे पहाड उचलल्यासारखं. औषधं लागू पडेपर्यंत घराने हे दोन्ही पाहिलं. आता कित्येक वर्षं गोळ्या चालू आहेत, अधूनमधून रक्त तपासलं जातं, हात जरा कापतो म्हणून चहाचा कप ती अर्धाच भरून घेते. रस्ता सपाट झाला. डॉक्टर खूश, घर खूश. तीही खूश आहे, म्हणजे असायला हवी.

पण ही मेली धडधड! ती काही पाठ सोडेना. पहिल्यांदा आली ती भर रस्त्यात. आजारातून उठून ब्रेकबाई नुकती पुन्हा शिकवायला लागली होती. एक नर्सबाई गाडी चालवत होत्या, छान चालवत होत्या. आणि एकाएकी ब्रेकबाईच्या छातीत कोणीतरी आतून दार ठोठावायला लागलं. घसा कोरडा, बोटांना मुंग्या, जगाचा आवाज लांब गेलेला. आता आपण मरतो, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. आणि तिने ब्रेक दाबला. हिरव्या सिग्नलला, भर वाहत्या रहदारीत, करकचून. मागची गाडी कशीबशी थांबली, म्हणून निभावलं. कोणाला खरचटलंही नाही. पण जिने आयुष्यभर इतरांना वेळेवर थांबवलं, ती नको तिथे थांबली होती. ती त्याच दिवशी मालकीणबाईंकडे गेली आणि म्हणाली, "मी आता काउंटरला बसते." मालकीणबाई हो-नाही करत राहिल्या. ही ऐकायला तयार नव्हती.

हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, हृदय ठणठणीत आहे. तिला चक्क वाईट वाटलं. हृदयात काही निघालं असतं तर लोक निदान फळं घेऊन भेटायला आले असते! मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा भीतीचा झटका, पॅनिक. तो येतो, कळसाला जातो आणि उतरतो. उतरतो हे खरंच. पण येतो तेव्हा हे सगळं शहाणपण कुठे जातं कोण जाणे. तिने त्याला पाहुणा असं नाव ठेवलं. न कळवता येतो, घर डोक्यावर घेतो, आणि गेल्यावर अंथरूण-पांघरूण आवरत बसायला लागतं.

तर आता धडधड सुरू झाली की घरात चौकशी बसते, आणि तीही पोलिसी खाक्याची. पाहुणा आला की पुन्हा चढ लागतोय? की हृदयाचंच काही आहे, जे त्या शहाण्या मशीनला दिसलं नाही? नवरा नळजोडणीची कामं करतो. सरळ माणूस, अबोल. तो तिचं मनगट धरतो, मान कलती करतो आणि गंभीरपणे विचारतो, "प्रेशर कसंय?" त्याला विनोद करायचा नसतो. त्याला काळजीच अशी येते.

बरं, धडधडीचं एक वेळ ठीक. पण हसण्याचं काय? मध्ये एकदा जेवताना ती काउंटरवरची गंमत सांगत होती. एक गृहस्थ चौकशीला आले, तासभर प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाले, गाडी मला नको, माझ्या बायकोला माहेरी जायला शिकवा, मी तेवढाच सुटेन. सांगता सांगता तिला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि मग लक्षात आलं की आपण एकट्याच हसतोय. नवऱ्याने घास हातात धरून विचारलं, "काल झोप लागली ना नीट?" लेक म्हणाली, "गोळ्या घेतल्यास?" संपलं. हसायचीही चोरी! त्यांचं चुकत नाही हो. त्यांनी जे पाहिलंय ते पाहिल्यावर कोणीही विचारेल. पण माणसाला कधीतरी नुसतं हसावंसं वाटतं, ज्याच्या मागून कुठलाच प्रश्न येणार नाही असं.

आणि आता एक गोष्ट सांगतो, ती तिने डॉक्टरांनाही सांगितलेली नाही. तिला त्या चढाची आठवण येते. फार येते. आजार वाईट, त्याने घराची दैना केली, सगळं मान्य. पण त्या दिवसांतली ती स्वतः! काय उजेड होता तिच्यात, काय वेग होता! सपाट रस्त्यावर चालताना तिला कधी कधी ती दुसरी बाई लांब पुढे जाताना दिसल्यासारखी वाटते, आणि हाक मारावी असं मनात येतं. ती मारत नाही. गोळी घेते, पाणी पिते, दिवा मालवते.

त्या सगळ्या चढातला एक दिवस मात्र तिने जिवापाड जपून ठेवला होता. समुद्राचा दिवस. लेक तेव्हा लहान होती, शाळेत जाणारी. ब्रेकबाई शिकवणीची गाडी घेऊन शाळेच्या दारात गेली, लेकीला दप्तरासकट शेजारच्या सीटवर बसवलं, आणि म्हणाली, "चल, समुद्र बघू." समुद्र म्हणजे काही गल्लीच्या तोंडाशी नव्हता, पार लांब होता. ती निघाली. काचा खाली, वारा भणाणतोय, ही मोठमोठ्याने गातेय, समोर रस्ता नुसता सांडलेला. आणि शेजारी लेक. सीटवरून पार खाली घसरलेली, पाय लांबच्या लांब केलेले, हनुवटी छातीला टेकलेली. किती निवांत पसरली होती पोर! त्या क्षणी ब्रेकबाईला वाटलं होतं, माझ्यापाशी माझं लेकरू इतकं सुखात आहे, आणखी काय पाहिजे? मग समुद्र. बूट न काढताच दोघी पाण्यात शिरल्या. पुढचं सगळं वाईट होतं. शोधाशोध, नवऱ्याचा पांढराफटक चेहरा, इस्पितळ, आणि मग तो लांबलचक उतार. पण तो एक दिवस शाबूत राहिला. उतारावर पडून असतानाही ती तो काढून बघायची.

"आठवतंय का गं, समुद्रावर गेलो होतो?" ती अधूनमधून लेकीला विचारायची. "काय पाय ताणून पडली होतीस, राणीसारखी!"

"हं," लेक म्हणायची, आणि पाणी प्यायला उठायची.

तर अशी ही लेक गाडी शिकत होती, आणि शिकवत होते मास्तर. मास्तर म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. देवमाणूस. इतका देवमाणूस, की शिकवायला अगदी निरुपयोगी. त्यांना कोणाची फजिती बघवायची नाही. त्यामुळे शिकणाऱ्याने क्लच चुकवला की मास्तरांचा पाय आधीच आपल्या क्लचवर. गाडी अशी लोण्यासारखी निघायची की शिकणाऱ्याला वाटायचं, वा, जमलं की आपल्याला! महिनाभर मास्तरांबरोबर गाडी चालवून घरी गेलेली माणसं स्वतःच्या गाडीत बसली की जागची हलायची नाहीत.

शाळेच्या मागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ आहे. चढावर थांबवलेली गाडी मागे न जाऊ देता पुढे काढायची, ही शिकणाऱ्याची खरी परीक्षा. काउंटरवर बसून ब्रेकबाईला त्या चढाचे सगळे आवाज ऐकू यायचे. शिकाऊ पायाखाली इंजिन कण्हतं, अडखळतं, कधी गचकन बंद पडतं. लेकीच्या वेळी मात्र नुसतं गुळगुळीत. एकदा नाही, दरवेळी. ब्रेकबाई समजायचं ते समजली. पोरीला काही येत नव्हतं, आणि आपल्याला येत नाही हेही पोरीला माहीत नव्हतं. परीक्षा तोंडावर आली होती.

तिने बराच विचार केला. आपण बोलावं का? लेकीला कळलं तर म्हणेल, शेजारी नको म्हटलं तर आता खिडकीतून शिकवायला लागलीस. शेवटी राहवेना. मास्तर पाणी प्यायला आले तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, पाय काढा की आता."

मास्तर लाजले. "अहो, घाबरते पोर."

"घाबरू दे थोडी. तुम्ही काय जन्मभर तिच्या क्लचवर पाय ठेवून बसणार आहात?"

मास्तरांना पटलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी काय करावं? चढावर, ऐन मध्यावर, पोरीला न सांगता पाय काढला!

ब्रेकबाईने काउंटरवरून ऐकलं. इंजिन गचकन बंद पडलं. मग काहीच नाही. पुन्हा सुरू होण्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. थोड्या वेळाने मास्तरच धापा टाकत दारात उभे. "गाडी मागे गेली हो. फार नाही, लगेच धरली मी. हँडब्रेक लावून ठेवलाय. पण पोरगी सीट सोडेना, बोलेना. घाम फुटलाय तिला. छातीत धडधडतंय म्हणते. दवाखान्यात नेऊ का? तुम्ही म्हणालात म्हणून मी पाय काढला..."

ब्रेकबाई काउंटरमागून उठली. तिच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय आलं असेल, तर गाडी नाही, चढ नाही. छातीत धडधडतंय, एवढंच. वर्षानुवर्षं ती या एका वाक्याची भीती उशाशी घेऊन झोपली होती. हा आजार घराण्यात उतरू शकतो असं डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं, अगदी सहज, पाण्याचा ग्लास पुढे करावा तसं. तेव्हापासून लेकीला एक दिवस झोप कमी लागली तरी हिची झोप उडायची. घरचे हिच्या हसण्यावर डोळा ठेवून असायचे, आणि ही लेकीच्या.

ती चढाला लागली. अर्ध्या वाटेत पाहुणा आलाच. यायचाच होता, अशी संधी तो कशाला सोडतोय? छातीत दार ठोठावणं सुरू झालं, बोटांना मुंग्या आल्या. एरवी ती जिथे असेल तिथे खाली बसली असती. "ये बाबा, पण चालत चालत ये," ती पुटपुटली. मागून मास्तर म्हणाले, "काय म्हणालात?" ती म्हणाली, "तुम्हाला नाही."

गाडीत लेक दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरून बसली होती. ओठ पांढरे पडले होते. ब्रेकबाईने शेजारचं दार उघडलं आणि क्षणभर थांबली. शेजारी नको, हे वाक्य आठवलं. मग ते बाजूला सारून ती आत बसली.

"आई, मी मरतेय."

"वाटतं तसं. मी इतक्यांदा मेलेय, की आता यमही ओळखीचा झालाय. स्टिअरिंग सोड. काच खाली घे. आता आरशात बघ. मागे काय दिसतं?"

"रस्ता."

"रस्त्यावर?"

"मास्तर." लेकीला श्वास पुरत नव्हता. "रडवेले झालेत."

"आणि?"

"कुत्रा आहे एक."

"काय करतोय?"

"मास्तरांकडे बघतोय."

"बघू दे. आता डावीकडे बघ. मग उजवीकडे. दिसेल ते मोठ्याने सांग. सोपंच आहे, रस्ता ओलांडताना बघतो तेवढंच."

लेक सांगत गेली. पत्रा. भिंत. भिंतीवर लावलेली जाहिरात, अर्धी फाटलेली. मोडकी सायकल. टाकी. हळूहळू श्वास ठिकाणावर यायला लागला. ब्रेकबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात कापत होता, गोळ्यांनी कापतो तसा. लेकीने तो काढून टाकला नाही.

"तुला असंच होतं?" बऱ्याच वेळाने लेक म्हणाली.

"अगदी असंच."

"मग तू ओरडत का नाहीस?"

"ओरडले तर तुझा बाबा पाना घेऊन येतो."

लेक हसली. हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडायला लागली. "आई, मला पण झालंय का? तुझं ते?"

छे गं, काहीतरीच काय! हे शब्द ब्रेकबाईच्या अगदी जिभेवर होते. आपल्या लेकराला एवढं खोटं सांगायला कुठल्या आईला जड गेलं असतं? पण हिच्या आयुष्यात लोक इतकं गोड खोटं बोलून गेले होते की तिला त्याची चव कळायची.

"माहीत नाही," ती म्हणाली. "चढावर गाडी मागे गेली की कोणाचंही काळीज उडतं. आजचं हे तेवढंच असावं असं मला वाटतं. उद्याचं मी नाही सांगू शकत, बाळा. डॉक्टरही नाही सांगू शकत."

"आणि झालं तर?"

"झालं तर त्यातले सगळे रस्ते मला माहीत आहेत. खड्ड्यांसकट. तू एकटी नसशील, एवढं मात्र नक्की."

लेकीने नाक पुसलं. ती खाली बघत होती, आईच्या पायांकडे. सवयीने ब्रेकबाईचा पाय केव्हाच ब्रेकपाशी गेला होता.

"तुझे पोचतात," लेक म्हणाली.

"काय पोचतात?"

"पाय. माझे नव्हते पोचत."

"कधी?"

"समुद्रावर गेलो तेव्हा," लेक म्हणाली. आवाज अगदी साधा होता, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगतेय. "तू खूप जोरात चालवत होतीस. मी म्हणत होते, घरी कधी जायचं. तू गात होतीस, तुला ऐकूच येत नव्हतं. मला माहीत होतं की माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. मी पायाने शोधत होते. सीटवरून खाली खाली सरकत गेले. पण पोचतच नव्हता गं. थोडासाच लांब होता."

ब्रेकबाईने आपल्या पायाखालच्या ब्रेककडे पाहिलं. खाली घसरलेली ती पोर. लांबच्या लांब केलेले पाय. छातीला टेकलेली हनुवटी. वर्षानुवर्षं रोज काढून पाहिलेलं, पुसून पुसून चकचकीत ठेवलेलं ते सुख.

"मला वाटलं, तू मजेत पडली होतीस," ती म्हणाली.

"माहितेय मला. तू सांगायला लागलीस की इतकी खूश व्हायचीस. म्हणून मग कधी बोलले नाही."

एवढ्याशा पोरीने आपला दिवस इतकी वर्षं सांभाळला होता. पाणी प्यायला उठून जायची, ती याच्यासाठी. ब्रेकबाईला रडू फुटलं. घरात ती सांभाळून रडायची, कारण त्याचीही चौकशी व्हायची. आज तिने कशाचीच पर्वा केली नाही. तो दिवस गेला होता. त्याच्याबरोबर ती गाणारी, उजेडात न्हालेली बाईही गेली, जिला कधीतरी हाक मारावी असं तिला वाटत होतं. शेजारी कोण बसलं होतं हे त्या बाईने एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

"चुकलं गं माझं," ती म्हणाली.

"तू आजारी होतीस."

"होते. तरी तू घाबरली होतीसच ना?"

"हो," लेक म्हणाली. "समुद्र मात्र चांगला होता. बूट भिजून जड झाले होते, ते मला आवडलं होतं."

मागे मास्तरांनी कुत्र्याशी बोलायला सुरुवात केली होती. शेवटी ब्रेकबाईने पदराने तोंड पुसलं आणि दाराच्या कडीला हात घातला. "मास्तरांना पाठवते. खाली उतरवून घेतील गाडी."

"मास्तर नकोत," लेक म्हणाली. "त्यांचा पाय कुठे असतो ते कळतच नाही."

"मग?"

लेकीने किल्लीला हात लावला, पण फिरवली नाही. "तू बस. क्लचला हात, म्हणजे पाय लावायचा नाही. मला जमलं नाही तरी लावायचा नाही. पण ब्रेकवर ठेव. दाबू नकोस. नुसता ठेव."

ब्रेकबाईच्या छातीत पुन्हा जोरजोरात ठोके पडायला लागले. तिने यावेळी लपवलं नाही. "आधीच सांगून ठेवते, माझंही धडधडतंय."

"आत्ता?"

"मगापासून. तुझ्या नादात त्याच्याकडे बघायला वेळ झाला नाही."

"गोळ्या घेतल्यास?" लेकीने विचारलं, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं. खूप हसल्या. हसून झाल्यावर कोणी काही विचारलं नाही.

लेकीने गाडी सुरू केली. हँडब्रेक सोडला. गाडी जराशी मागे सरकली, आणि ब्रेकबाईचा सगळा जीव त्या एका पायात येऊन बसला. दाबावा का? एवढासा दाबला असता तर कोणाला कळलंही नसतं. मास्तरांना हेच तर सुचलं असतं. तिने दातांखाली ओठ धरला, पाय ठेवला होता तसाच ठेवला. इंजिन कण्हलं, अडखळलं, अगदी आता बंद पडणार असं वाटलं, आणि मग पायाखालची गाडी सावकाश वर निघाली. खडखडत, गचके खात, अजिबात लोण्यासारखी नाही. मागून मास्तर "शाब्बास, शाब्बास" करत धावत सुटले, आणि कुत्राही.

टाकीपाशी रस्ता सपाट झाला. लेकीने पटकन एकदा शेजारी, खाली पाहिलं. आईचा पाय ब्रेकवर होता, तसाच, हलका. चप्पल कधीच गळून पडली होती.

"काढू आता?" ब्रेकबाईने विचारलं.

"असू दे अजून," लेक म्हणाली, आणि तिने दुसरा गिअर टाकला.